१६८ व्होल्टवर लावलेला आवाज

४ जानेवारी, शनिवार
डायरी बंकटने दिली. बंकट म्हणजे मेव्हणा. त्याला खताच्या दुकानात फुकट मिळालेली, कव्हरवर फ्लॉवरचा गड्डा. डॉक्टर म्हणाले बीपी वाढलाय, राग आला की बोलायचं नाही, लिहून काढायचं. आज राग आलेला नाही.

संध्याकाळी ७. आला. संस्कृती बीडहून आली. तिच्या कॉलेजच्या परमेश्वर सरांनी त्यांचा स्वतःचा गिटारचा अँप्लिफायर तिला प्रॅक्टिसला दिलाय. १८ तारखेला गॅदरिंग. तिथं जो चांगला वाजवेल तो विद्यापीठाच्या टीममध्ये. गिटारला जागा एकच. त्या एका जागेसाठी पोरीने दोन वर्षं बोटं सोलून घेतलीत.
मशीन व्हॉल्व्हचं हाय, जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या दिव्यांचं. आणि मागच्या बाजूला सरांनी चिठ्ठी चिकटवलीय: कव्हर उघडू नये. नेकनूरमध्ये तीस वर्षं माईक सर्व्हिस चालवणाऱ्या माणसाच्या घरात असली चिठ्ठी पाठवायची. संस्कृती पण म्हणते, पप्पा, हात लावू नका, चांगलंय ते.

५ जानेवारी, रविवार
संध्याकाळी ऐकलं. आवाज मेलेला. शेतातल्या मोटारी चालू झाल्यावर तर माशी गुणगुणल्यासारखा. पोरगी म्हणाली, आपल्याकडं व्होल्टेज कमी हाय, बीडला बरोबर वाजतं. म्हणलं, व्होल्टेज तुझ्या जन्माच्या आधीपासून कमीच हाय, म्हणून काय माझ्या मशीन वाजल्या न्हाईत? सरांना मशीन लावता येत नाही, एवढाच अर्थ.
संकल्प: उघडणार नाही. दुसऱ्याची वस्तू आहे.

६ जानेवारी, सोमवार
दुपारी उघडलं. पोरगी कॉलेजला गेलती. चिठ्ठी ब्लेडने अलगद काढून ठेवली, परत लावता येईल अशी.
आत पाच व्हॉल्व्ह. दोन मोठे, तीन बारके. पोरगी त्यांना ट्यूब म्हणते. गावात व्हॉल्व्ह ओळखणारा मी शेवटचा माणूस राहिलो, आणि मला चिठ्ठी.
एक झटका बसला. प्लग काढून ठेवलेला असताना; आत जुना करंट दाबून ठेवलेला. अशा बेइमान मशीनवर किती विश्वास ठेवायचा? डावा हात कोपरापर्यंत बधिर. रोहिणीला सांगितलं नाही. बायकोला सांगितलं की बंकटला कळतं.

७ जानेवारी, मंगळवार
ट्रंकेतून माझ्या जुन्या मशीनचे दोन मोठे व्हॉल्व्ह काढले. नंबर तोच. कापसात गुंडाळून बावीस वर्षं जपले होते. ह्या व्हॉल्व्हवर मी चाळीस गावांची लग्नं वाजवलीत. बंकट आलता. म्हणाला, दाजी, हे म्युझियमला देऊन टाका की. याचा डीजे सुरू झाल्यापासून लोकांच्या खिडक्यांच्या काचा टिकत नाहीत, आणि हा मला म्युझियम सांगतो. तळपायाची आग मस्तकात गेली. बोललो नाही. लिहिलं.

९ जानेवारी, गुरुवार
जुने व्हॉल्व्ह बसवले. आत बायसचा एक बारका स्क्रू आहे, व्हॉल्व्हमधून किती करंट जायचा ते तो ठरवतो. सरांनी तो एकदम भित्र्या माणसासारखा ठेवलेला. थोडा फिरवला, थोडा आवाज आला. अजून फिरवला. अजून आला. मग पार फिरवला.
वेळ संध्याकाळी साडेसहा, सगळ्या मोटारी चालू, मीटरवर १६८ व्होल्ट. म्हणजे सगळ्यात वाईट लाईटवर सगळ्यात चांगला आवाज. हे कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत.

११ जानेवारी, शनिवार
सकाळी मोटारी बंद, लाईट जोरात. २०५. मशीन लावलं की फ्यूज उडाला. दुसरा टाकला. तोही उडाला. लई डोकं फिरलं. कंपन्या हल्ली फ्यूजसुद्धा कच्चे करतात.
फ्यूजच्या जागी मोटारीच्या वाइंडिंगची तार दुहेरी करून गुंडाळली. गावातल्या एका तरी डीपीत खरा फ्यूज दाखवा. सगळीकडं तार. चालतंय ना गाव?

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत
आज गोड बोलायचा दिवस. सकाळी पाण्याच्या टँकरवाल्याशी भांडण झालं, ते धरायचं नाही.
संध्याकाळी संस्कृतीने गिटार लावली. भिंतीवरचं कॅलेंडर हाललं. पोरगी बघतच राहिली. मग मागच्या बाजूला जाऊन चिठ्ठी बघितली. चिठ्ठी उलटी चिकटवली गेलती. इतके दिवस माझ्या लक्षात आलं नाही. तिने विचारलं, पप्पा, उघडलं का? म्हणलं, थंडीत आवाज सुटतो. म्हणाली, मग गॅदरिंगच्या आधी एकदा सरांना दाखवून घेते. इथं माझा तोल गेला. म्हणलं, कावून? बापापेक्षा सर मोठा झाला का? रोहिणी स्वयंपाकघरातून म्हणाली, तिळगूळ तरी खाऊ द्या लेकराला.
संस्कृतीने गिटार बॅगेत भरली, चेन लावली. मग म्हणाली, बरं, तुमच्या भरवशावर नेते.
हे वाक्य लिहून ठेवतोय. तारखेसकट.

१८ जानेवारी, शनिवार. संध्याकाळ
बीडहून आलो. लिहायची इच्छा नाही.
सकाळी एसटीने गेलो. मशीन मांडीवर. हॉलमध्ये सहाशे पोरं. मी स्टेजच्या बाजूला, खिशात टेस्टर अन् पेचकस. लागलंच तर म्हणून.
पहिला सूर. काय आवाज होता. तीन सेकंद.
मग मोठे व्हॉल्व्ह आतून लाल झाले. विस्तवासारखे. मग वास. मग धूर. तार काही तुटली नाही, माझं काम पक्कं. तिच्याऐवजी ट्रान्सफॉर्मर जळाला. कुणीतरी वाळूची बादली ओतली.
संस्कृती गिटार धरून तशीच उभी. बोटं चालू होती थोडा वेळ, आवाज नाही. पोरं हसायला लागली.
परमेश्वर सर पळत आले. त्यांनी विचारलं, कव्हर कुणी उघडलं होतं?
मी तोंड उघडलं. संस्कृती म्हणाली, मी उघडलं सर.
मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. पेचकस खिशातून वर आलेला, तो दाबून खाली सारला.
जागा दुसऱ्या पोराला गेली. एसटीत ती खिडकीकडं तोंड करून बसली.
हॉलच्या बोर्डावर मीटर बघितला मी. २३८ व्होल्ट. एवढं द्यायला कुणी सांगितलं यांना? आमच्या पिकाला पाणी देताना १६८, अन् यांच्या नाचगाण्याला २३८. माज आहे सगळा.

१९ जानेवारी, रविवार
रोहिणीने चहा ठेवला अन् गेली. पोरगी जेवली नाही.
संकल्प: उद्या बीडला जाऊन सरांना खरं सांगणार. व्होल्टेजचं पण सांगणार.

२० जानेवारी, सोमवार
एसटी चुकली. तीन मिनिटं आधी सोडतात हे लोक.

२१ जानेवारी, मंगळवार
बीपी.

२३ जानेवारी, गुरुवार
गेलतो. काय बोलायचं ते कागदावर लिहून नेलं होतं. निम्मा कागद व्होल्टेजवर होता. सरांनी वाचू दिला नाही. म्हणाले, मला सोमवारीच कळलं, मशीन उघडलं तेव्हा. फ्यूजच्या जागी मोटारीची तार दुहेरी गुंडाळलेली. आमचे वडील पण अशीच गुंडाळायचे. वीस वर्षांची पोरगी अशी तार गुंडाळत नाही.
मग ते म्हणाले, त्या दिवशी तुम्ही दोन शब्द बोलला असता तर दुसऱ्या मशीनवर परत वाजवू दिलं असतं तिला. ठेवलेलं होतं एक. पण स्वतः उघडलं म्हणाली, आणि मशीन उघडणारा स्पर्धक नियमाने बाद. विद्यापीठाला यादी त्याच संध्याकाळी गेली.
विचारलं, आता काही होतं का? न्हाई म्हणाले. पाणी विचारलं. मी प्यालो.
सरांवर राग काढायचा खूप प्रयत्न केला. स्टँडपर्यंत करत होतो. मग बीडवर. मग लाईटवर. मग बंकटवर, पण तो तिथं नव्हताच.

२४ जानेवारी, शुक्रवार
सकाळी ९. संस्कृती कॉलेजला गेली. मला सांगून गेली नाही.
गिटार घरीच ठेवलीय, खोलीत खुंटीला. बॅगच्या चेनवर चिठ्ठी चिकटवलीय. तिचं अक्षर. कव्हर उघडू नये.
हे वाचून मला राग यायला पाहिजे होता. पेन घेऊन बसलो. आला नाही.
चिठ्ठी सरळ चिकटवलीय तिने.