तीन पेट्यांची एक पेटी

ता. १४ नोव्हेंबर, दुपार

चि. ताईस,

बाबांचे अनेक आशीर्वाद. मी बरा आहे. गुडघा नेमून दिल्यासारखा आपल्या वेळेला दुखतो. जावईबापूंचा खोकला गेला का? काढा घेतला नसेलच.

पत्र कशाला, फोन होता की, असं म्हणशील. फोनवर तू ‘हं, बोला बाबा’ म्हणतेस, मागे कुकरची शिट्टी होते, आणि जे बोलायचं ते सोडून मी हवापाणी सांगत बसतो. शिवाय या दोन खोल्यांत कुठेही कुजबुजलं तरी व्याह्यांना ऐकू जातं. ऐकू येत नाही ती फक्त त्यांच्या टीव्हीची बातमी, म्हणून तो सगळ्या मजल्याला ऐकवायचा.

तर मंगळवारी फोनवर सांगितलं ते खरं आहे. तुझ्या सासऱ्यांनी आईच्या बेडकांच्या तीन काचपेट्या बाजूला सारून त्यांची एकच मोठी केली, आणि त्यातल्या भोपळा बेडकाने पोपटीला गिळलं. मी रागाने बोललो. जावईबापू म्हणाले, पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतो, वडिलांचं नाव वृद्धाश्रमात घातलेलंच आहे. प्रश्न मिटला. तेव्हा मलाही वाटलं, मिटला.

पण मला एकदा माझी बाजू लिहू दे. सहा महिन्यांपूर्वी तुम्ही दोघांनी ठरवलंत, ‘दोघेही एकटे, एका घरात राहिलात तर सोबत होईल.’ सोबत म्हणजे काय गं? व्याही म्हणजे वजनमापे खात्यात जन्म घालवलेला माणूस. कामाच्या बाईंनी आणलेली भाजी पुन्हा तोलतो. माझा चहाचा कप दुधाच्या मापाने भरतो. सकाळी खिडकीशी बसून मी तिसरीतली बेडकांची कविता म्हणतो, ती तुला ठाऊक आहेच. आमचे गुरुजी वर्गाच्या तीन रांगा करायचे, प्रत्येक रांगेने वेगळ्या पट्टीत ‘डराव डराव’ करायचं, आणि मग सगळ्यांनी मिळून. छप्पर उडायचं बाकी राहायचं. साठ-पासष्ट वर्षं झाली, अजून तो आवाज कानात आला की मला शाळेच्या ओल्या दप्तरांचा वास येतो. तर मी कविता म्हणतो, आणि व्याही पेपरातून मान वर न काढता म्हणतात, “चौथ्या ओळीत माप कमी भरतंय.”

रोज. रोज हेच.

बरं, बेडकांचं. आई कॉलेजच्या प्रयोगशाळेत होती तेव्हा कापायला आणलेल्यातला एक तिने पदराआड घरी आणला, तिथून हा संसार सुरू झाला, हे तुझ्या डोळ्यांदेखतचं आहे. शेवटी राहिले तिघे. भोपळा मातीत रुतून बसायचा आणि समोर हललं ते गिळायचा. पोपटीला उंच फांदी आणि दमट हवा हवी. लालपोट्याला पाणी, तेही त्याचं एकट्याचं, कारण त्याच्या अंगातून झिरपतं ते दुसऱ्याला बाधतं. आई म्हणायची, “दिसायला सगळे बेडूकच. पण एकाचं अंथरूण दुसऱ्याचं मरण असतं.” त्या पेट्यांनी खोलीची एक भिंत खाल्ली होती, म्हणून व्याह्यांची खाट दारात, आणि आत-बाहेर जाताना माझा गुडघा तिच्या पायाला आपटायचा. मी कळवळलो की ते म्हणायचे, “तीन पेट्या, तीन दिवे, तीन झाकणं. बेडूक ते बेडूक.”

(मी हे बेडकांविषयीच लिहितो आहे. तू वाचताना हसू नकोस.)

गेल्या आठवड्यात त्यांनी सुताराकडून मोठी पेटी करून आणली. काम सुबक होतं, ते मान्य. एका बाजूला माती, मध्ये फांदी, दुसऱ्या बाजूला पाणी. मी डोळे तपासायला निघालो होतो, चपला घालत होतो. इथवर तुला फोनवर सांगितलं. मी बाहेर गेलो आणि मागे त्यांनी हा उद्योग केला, असं.

त्यातलं एक वाक्य मी गाळलं.

त्यांनी विचारलं होतं. हातात जाळी घेऊन उभे होते. म्हणाले, “तिघांना एकत्र सोडलं तर चालेल ना? तुम्हाला यातलं कळतं, म्हणून विचारतो.”

आणि मी म्हणालो, “तुम्हाला योग्य वाटेल तसं.”

ताई, मला ठाऊक होतं. भोपळा काय करील हे मला पक्कं ठाऊक होतं. उंबऱ्यावर एक क्षण थांबलोही. मनात एवढंच आलं, की एकदा होऊन जाऊ दे, म्हणजे हा माणूस तोंडघशी पडेल आणि आपल्या घरी जाईल. जिना उतरताना मी गुणगुणत होतो.

परत आलो तर ते जमिनीवर बसले होते. बोटाला भोपळ्याचा चावा, रक्त आलेलं. पोपटीचा एक पाय बाहेर दिसत होता म्हणे, ओढून काढायला गेले. उशीर झाला होता. मी विचारलं, डोळे लाल कशाने झाले? लालपोट्याला हात लावून तोच डोळ्याला लावलात ना? ते म्हणाले, “हो, तसंच झालं असेल.” न्हाणीघरात साबण ओला होता, गं. हात आधीच धुतलेले होते; डोळे त्या विषाने लाल नव्हते.

तेव्हापासून घरात टीव्ही लागत नाही. भाजी तोलत नाहीत. लालपोट्या आणि भोपळा आपापल्या जुन्या पेट्यांत परत गेले, ते काम त्यांनीच केलं, मला न विचारता. काल त्यांनी कपडे बॅगेत भरले. मी चिडून म्हणालो, “अजून रविवारला अवकाश आहे.” तर म्हणाले, “आधीपासून तयार असलेलं बरं. मुलाचा खोळंबा नको.” आणि थोड्या वेळाने, “तुमच्या कवितेत चौथ्या ओळीला ‘पुन्हा’ हा शब्द आहे. तो तुम्ही गाळता. आमच्याही तिसरीत होती.”

सहा महिने, ताई. सहा महिने सांगायला काय झालं होतं या माणसाला? विचारलं तर म्हणतात, “मी सांगतच होतो, माप कमी भरतंय.” इतका संताप आला मला. आणि कविता मनात म्हणून पाहिली तर ‘पुन्हा’ तिथे चपखल बसतो. त्याचाही संताप आला.

तर रविवारी या, पण गाडीत त्यांची बॅग चढणार नाही. सुताराला मी निरोप धाडला आहे. हॉलमध्ये लाकडी आडोसा घालून एक खाट मावते, तिथे मी जाईन. खिडकीची खोली त्यांना. पेट्या माझ्या डोक्याशी राहतील. टीव्हीचं आणि माझं जमणार नाहीच, भांडणं होतील, होऊ देत. मात्र ‘सोबत’ हा शब्द यापुढे तुम्ही दोघांनी काढू नका. त्यांना राहा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. लिहिता येतं, बोलता येत नाही, असा तुझा बाप.

म्हणून असं ठरवलं आहे. पत्र लांबलं, पाकीट जड झालं. तिकिटं किती लागतील हे या घरात एकालाच नेमकं सांगता येईल. आता उठून पाकीट त्यांच्या हातात देतो आणि तोलायला सांगतो. चिकटवलेलं नाही. वाचलं तर वाचू देत.

माप कमी भरलेला,
तुझा बाबा