निळे दव

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, धंदा धुलाई व इस्त्री, अविवाहित, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय, चष्मा पुसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शुद्धीबद्दल उद्या कोणी शंका काढू नये म्हणून समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला, आणि त्यांच्या कोटाची कॉलर उलट्या बाजूने इस्त्री झाली आहे हेही सांगितले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. राग मात्र जुना आहे.

कलम १. दुकान, दोन्ही इस्त्र्या, पाणी तापवायची टाकी, लाकडी टेबल आणि बँकेतली शिल्लक माझ्या जोडीने तीस वर्षे उभी राहिलेल्या इस्त्रीवालीला द्यावी. तिने आधी गुडघ्यांचे ऑपरेशन करून घ्यावे, मग दुकान उघडावे. टेबलाचा डावा पाय डुगडुगतो, त्याखालचा पुठ्ठा काढू नये.

कलम २. राहते घर. माझा धाकटा भाऊ आमच्या मंडळीचा पाळक आहे. पुढच्या वर्षी तो निवृत्त होतो आणि चर्चचे घर त्याला सोडावे लागणार आहे. म्हणून गेल्या महिन्यात तो माझी विचारपूस करायला आला, आणि विचारपूस करता करता मागची खोली टेपने मोजून गेला. घर त्यालाच मिळेल. अट एकच. मला पुरल्यानंतरच्या पहिल्या रविवारी त्याने व्यासपीठावरून, मी इस्त्री केलेला पांढरा झगा घालून, हे मृत्युपत्र पहिल्या अक्षरापासून शेवटच्या सहीपर्यंत मोठ्याने वाचावे. एक ओळ जरी गाळली, किंवा ऐन वेळी घसा बसला, तर घरही इस्त्रीवालीचे.

कलम ३. आता वाचायचे काय, ते. आमच्या वडिलांचा शास्त्राचा अभ्यास दांडगा होता, पण घरातला कोणताही निर्णय स्वतः घ्यायची त्यांना भीती वाटे. देवाला विचारायचे सगळे मार्ग त्यांना पाठ होते. दुकानाला रंग कोणता द्यायचा यासाठी ते चिठ्ठ्या टाकत, कारण प्रेषितांनी बारावा माणूस चिठ्ठ्या टाकूनच निवडला. याजकाच्या ऊरपटातले, देवाचा कौल सांगणारे उरीम आणि थुम्मीम मिळाले असते, तर ते त्यांनी गल्ल्यात ठेवून घेतले असते. घड्याळे दुरुस्त करणारा एक तरुण मला मागणी घालायला आला, तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते. वडील त्याला म्हणाले, "गिदोनाने जशी लोकर ठेवली, तशी आपण ठेवू. दोन दिवसांत सांगतो."

अंगणात लोकर ठेवली. देवाचा होकार असेल तर पहिल्या सकाळी दवाने लोकर ओली आणि जमीन कोरडी हवी होती. तशी निघाली. दुसऱ्या सकाळी उलट, जमीन ओली आणि लोकर कोरडी हवी होती. वडिलांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यांनी हाताने चाचपून पाहिले. जमीन ओली होती, पण लोकरीतूनही पाणी गळत होते. वडील म्हणाले, "देव नको म्हणतोय, बाळा." घड्याळजीला तसा निरोप गेला.

दुपारी लोकर वाळली आणि तिच्यावर निळा डाग उमटला. दव निळे पडत नाही. त्या सकाळी पिंप रिकामे होते, आणि अंगणात पाणी होते ते फक्त माझ्या निळीच्या बादलीत. भावाच्या सदऱ्याची बाही कोपरापर्यंत निळी होती. त्याला पाळकाच्या शिक्षणाला जायचे होते. मी सासरी गेले असते तर दुकान कोणी चालवायचे, आईकडे कोणी बघायचे आणि त्याला खर्चायला पैसे कोणी पाठवायचे? मी आईला डाग दाखवला. आई म्हणाली, "गप्प बस. तो देवाच्या कामाला चाललाय." तो सदराही मीच धुतला.

कलम ४. ती लोकर माझ्या पत्र्याच्या ट्रंकेत आहे. ती भावाला द्यावी आणि वाचन चालू असताना त्याच्यासमोर व्यासपीठावर पसरावी. देवाची इच्छा कशी ओळखावी यावर तो दरवर्षी उपदेश करतो. मी पहिल्या बाकावर बसून ते चाळीस वेळा ऐकले आहे. शौल राजाचा किस्सा तो फार रंगवून सांगतो. स्वप्नाने, उरीमने, संदेष्ट्यांनी, कशानेच उत्तर मिळेना, तेव्हा शौल वेष पालटून मेलेल्यांना उठवणाऱ्या बाईकडे गेला. मेलेला संदेष्टा शमुवेल वर आला आणि जिवंतपणी जे सांगितले होते तेच त्याने पुन्हा ऐकवले. भावा, मी जिवंतपणी काही बोलले नाही, म्हणून माझे तुला पहिल्यांदाच ऐकावे लागते आहे.

कलम ५. मी का बोलले नाही, तेही त्यानेच वाचावे. पहिल्या सकाळी लोकरीवर तांब्याभर पाणी मी ओतले होते. दुसऱ्या सकाळी उजाडायच्या आत, लोकर सांभाळून, पिंपातले सगळे पाणी अंगणात मीच शिंपडले. म्हणून पिंप रिकामे झाले आणि त्याच्या हाती निळीची बादली आली. त्याने मला खिडकीतून पाहिले होते. मी तोंड उघडले असते तर त्यानेही उघडले असते. देवाला त्या दोन दिवसांत आमच्या अंगणात पाऊल टाकायलाही आम्ही जागा ठेवली नाही.

सह्यांपूर्वीची नोंद. दुसऱ्या साक्षीदारासाठी मी घड्याळजींना बोलावले. ते विधुर आहेत, नातवंडे आहेत, दुकान अजून तेच. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही ठेवता येत नाही असे वकील म्हणाले, म्हणून त्यांना काही ठेवलेले नाही. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते. त्यांनी भिंग लावून सगळा वाचला.

"म्हणजे पहिल्या दिवसापासून तुमचा होकार होता?" त्यांनी विचारले.

मी हो म्हणाले.

"मी दोन्ही सकाळी गल्लीच्या तोंडाशी उभा होतो," ते म्हणाले. "देवाला दोनदा विचारलंत. मला एकदा विचारायला हवं होतं. मी तुम्हाला तसाच घेऊन गेलो असतो."

ही नोंदही मृत्युपत्राचा भाग समजावी. हे भावाने वाचावे, आणि सावकाश वाचावे.

लिहून देणार: धुलाईवाली (सही)
साक्षीदार १: समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टर (सही)
साक्षीदार २: घड्याळजी (सही. दोनदा केली आहे, दोन्ही त्यांचीच.)
ठिकाण: राहत्या घराची मागची खोली, टेपने मोजलेली
दिनांक: १२ नोव्हेंबर, सोमवार, सकाळ. अंगण कोरडे आहे.