तेरावी बंदूक

३ जून

"टोळीत बारा बंदुका. तेरावीला जागा नाही." — इति कालेर्वो, मूसची, म्हणजे इथल्या त्या घोड्याएवढ्या हरणाची, शिकार करणाऱ्या आमच्या टोळीचा म्होरक्या. वर, "मग सूप कोण ढवळणार, इर्या?" सगळे फिदीफिदी हसले. आमचे रेयोसाहेबसुद्धा! नवरा म्हणे! बावीस वर्षं यांच्या शेकोटीवर वाटाण्याचं सूप ढवळलं. यंदा रानात मीही बंदूक घेऊन उभी राहणार. बघतेच!

११ जून

रेयोला घेऊन काजानी शहरात, बंदुकांच्या दुकानात. गाडी मीच चालवली, त्याला हल्ली कंटाळा येतो. त्याची जुनी बंदूक मला झेपत नाही — खांद्याच्या ऑपरेशनपासून दर गोळीनंतर हाताने खिट्टी मागे ओढायची म्हणजे प्राण कंठाशी. अर्धस्वयंचलितला ते नको, पुढची गोळी आपोआप चढते, आणि धक्काही कमी.

तीन खांद्याला लावून पाहिल्या. पहिली काळीकुट्ट, लढाईवर निघाल्यासारखी. दुसरी जड. तिसरी लाकडी दस्त्याची, गालाला लागली आणि कळलं — हीच! दुकानदार म्हणाला, "मोठं मॅगझिनही मिळतं हिला." म्हटलं, शिकारीला कायद्याने तीन गोळ्यांचं, तेच द्या. रेयोने बंदूक बोटांनी चाचपली. "चांगली आहे." बस्स, एवढंच.

१९ जून

पोलिस ठाण्यात परवान्याचा अर्ज. "अर्धस्वयंचलितच का?" खांद्याचा व्रण दाखवला. बंदूक ठेवायचं कपाट कसलं, किल्ली कुणाकडे — सगळं विचारलं. विचारू देत! हे नियम लिहिलेले तरी आहेत. कालेर्वोचा बाराचा नियम कुठल्या कागदावर आहे?

३० जुलै

परवाना आला!!

१७ ऑगस्ट

नेमबाजीची परीक्षा. पुठ्ठ्याचा मूस, चार गोळ्या. कालेर्वो पाठीमागे — "बघा आता, शिवणयंत्र सुरू होईल!" मी एकेक श्वास सोडून एकेक मारली. चारही वर्तुळात! त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. तरी हेका तोच, "टोळी बाराचीच."

घरी रेयोला म्हटलं, बोल ना त्याच्याशी. "बोलतो." बोलणार कसला, त्याच्यासमोर याची दातखीळ बसते.

५ ऑक्टोबर

कालेर्वोचा फोन! "शनिवारी सकाळी सहा वाजता ये. बंदूक घेऊन." नमला! नमला एकदाचा! सूप ज्याला प्यायचंय त्याने ढवळावं.

९ ऑक्टोबर

शिकारघराच्या दारावर यादी लागली. शेवटचं नाव माझं. दोनदा वाचलं. रेयोचं लिहायला विसरला बावळट. जाऊन झापते त्याला.

१० ऑक्टोबर

विसरला नव्हता. नावं बाराच आहेत. रेयोला वसंतापासून समोरचं नीट दिसत नाही — कडेचं तेवढं दिसतं. "मीच सांगितलं त्याला, माझी जागा इर्याला दे." मला एका शब्दाने बोलला नाही! भांडले. रडलेही.

मग बजावलं, शनिवारी मुकाट्याने माझ्या शेजारी येऊन बसायचं. मूसच्या पायाखाली फांदी मोडली की ती याला माझ्याआधी ऐकू येते. बंदूक माझी, कान त्याचे. कालेर्वोला मोजायचं तर मोजू दे तेरा.