गोळ्यांचा डबा

शैलेंद्रभावजी,

त्या सकाळी मी पोह्यांसाठी कांदा चिरत होते. दुधाची पिशवी हातात धरून ह्यांनी विचारलं, "दूध आलं का?" मी म्हटलं, डॉक्टरांना दाखवू. तुम्ही ओट्यावर अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांचा डबा ठेवलात. "डॉक्टर कशाला वहिनी? दादाचा दिमाग तेज होईल."

या गोळ्यांनी विसरणं थांबतं असा पक्का पुरावा नाही, हे मी वाचून सांगितलं. तुम्ही हसलात. ह्यांनी तुमचंच ऐकलं. डॉक्टरांनी बरं केलंच असतं असं नाही, पण काय होतंय ते तरी कळलं असतं. शेवटी ह्यांना माझं नावही आठवेना.

दहाव्याला रामघाटावर कावळा पिंडाला शिवेना. तुम्ही हात जोडून म्हणालात, "दादा, आता वहिनींनाही याच गोळ्या देईन." कावळ्याने तोंड फिरवलं. तुमच्यापेक्षा त्याला अक्कल जास्त. मी पुढे होऊन म्हटलं, "मी नाही हो घेणार." तेव्हा तो शिवला.

हे पत्र पाठवण्याइतकीही तुमची लायकी नाही, म्हणून माझ्या वहीतच लिहिते. हल्ली मीही गॅस बंद करायला विसरते.

तेराव्याची वाट न बघता, दहाव्याच्या दुसऱ्याच दिवशी मी एकटी डॉक्टरांकडे गेले.

तुमच्या दादांची बायको,
कुसुम