तळाशी तुझा पंजा

प्रिय लूणा,

हे पत्र मास्तरांकडून लिहवून घेतलेलं नाही. अक्षर माझं आहे. टाकी बांधायला कुणाकडे शिकलो नाही, तसाच लिहायलाही नाही; तू टाकून गेलेल्या पाटीवर गिरवत बसलो. मोरबीच्या कारखान्यात गेलास त्याला या आखातीजच्या सणाला सात वर्षं झाली. तुझी एक ओळ आली नाही. माझीही गेली नाही, म्हणून तक्रार करत नाही.

आपल्या ढाणीच्या वस्तीत आता जमिनीत खोदलेली एकतीस टाकी आहेत. सव्वीस माझ्या हातची. टाक्याभोवतीच्या अंगणाला दहा हातांमागे चार बोटं उतार, बोटभर इकडे तिकडे नाही. पावसाचा थेंब न् थेंब टाक्याच्या तोंडाशी येतो. घडे वाहून धापूकाकीच्या टाळूवर टक्कल पडलं होतं, आठवतं? तिथे केस आलेत. परवा सगळ्यांदेखत म्हणाली, "पेमा, पाणी दिलंस, आता म्हातारीला नवराही बघून दे." मी म्हटलं, "काकी, आधी उतार मोजावा लागेल." लोक पोट धरून हसले. पूर्वी आपल्याकडे कुणी मुलगी देत नव्हतं. आता पाहुणे येतात, टाक्यात वाकून बघतात आणि मगच सोयरिकीचा गूळ खातात.

तुझी वहिनी दोन हिवाळ्यांमागे गेली. कळवायला हवं होतं. शेवटच्या दिवसांत दोनदा म्हणाली, "लूणाला बोलवा." मी न ऐकल्यासारखं केलं. आता बाजरीच्या दोन भाकऱ्या थापतो, एक उरते.

लोक म्हणतात, पेमारामचं टाकं कधी आटत नाही, एकटा माणूस पिणार किती! झाकणाला कुलूप असतं, किल्ली माझ्या कमरेला. खरं सांगतो, फाल्गुनातच तळ दिसतो. पहाटे उंटावर पखाल टाकून खाऱ्या विहिरीवर जातो. कुणी विचारलं तर सांगतो, उंटासाठी. सात वर्षं उंट आणि मी एकच पाणी पितो आहोत; तुझी वहिनी होती तोवर तीही.

ते टाकं आपण दोघांनी बांधलं. चुना तू कालवलास, गिलावा अर्धा तुझा, अर्धा माझा. शेवटी रिवाजाप्रमाणे ओल्या चुन्यात, तळाशी, आपापल्या बाजूला पंजा उमटवला. तू म्हणालास, "भाईसा, अजून आठ दिवस भिंतीला पाणी मारू." मला पुढच्या कामाची घाई होती. मी टोमणा मारला, "घरात प्यायला नाही आणि भिंतीला पाजतोस?" तू आंघोळ सोडलीस, पण तुझ्या अर्ध्या भिंतीला पाणी मारलंस. पुढे टाकं गळलं तेव्हा खेजडीच्या झाडाखाली भरल्या बैठकीत मी म्हणालो, "लूण्याने चुना कच्चा कालवला." दुसऱ्या दिवशी तू नव्हतास.

लूणा, चुना कच्चा असता तर तुझी भिंतही गळली असती. तडा माझ्या अर्ध्यात आहे, माझ्या पंजाच्या मधोमध. मला हे आज कळलेलं नाही, पहिल्याच वर्षी उतरलो तेव्हा दिसलं होतं. लोकांना सांगितलं, गळती बुजवली; आणि दर जेठात एकटा उतरून त्यावर लिंपत आलो. लिंपून लिंपून माझा पंजा बुजला. तळाशी आता तुझाच आहे. काम झालं की त्यावर हात ठेवून बसतो. बोटं तुझी लांब आहेत, हे मला ठाऊक नव्हतं.

काल त्याच खेजडीखाली, त्याच लोकांसमोर सगळं सांगितलं. धापूकाकी म्हणाली, "मेल्या, आम्हाला सांगून काय होणार? त्याला सांग." म्हणून हे पत्र. माझ्या बाजूचा गिलावा दगडापर्यंत खरवडून काढला आहे. पावसाला महिना असेल. तू आला नाहीस तर यंदाचं पाणी वाळूत जाईल. जाऊ दे, पण एकट्याने पुन्हा लिंपणार नाही. आलास तर चुना तूच कालव. आठ नाही, पंधरा दिवस पाणी मारू. वाहून मी आणीन.

तुझाच भाईसा,
पेमाराम