हात ओढून घेतला तेव्हा

दादा,

डॉक्टरबाईंनी माझा पंजा दोन्ही कडांनी दाबला आणि मी ओरडून हात ओढून घेतला. घराची वाटणी झाली त्या दिवशी तू घट्ट दाबून धरलेला हात ओढून घेतला होता, अगदी तसाच.

"माझ्यावर कसला राग?" त्या हसल्या. सांधेदुखीचा आजार अशा दाबण्यावरून किती लवकर ओळखता येतो, याचा त्या अभ्यास करताहेत. माझा सुरुवातीचाच आहे, औषधांनी आटोक्यात येईल म्हणाल्या.

तेव्हाही दुखलं होतं, पण त्या दिवशी सगळंच दुखत होतं. वर्षभर तुझ्यासारखाच मीही त्या हात ओढण्याला रागच समजत होतो. आज केवढं हलकं वाटलं!

तुझा,
धाकटा

ता. क. पत्र टाकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्याकडेच आलो. वहिनींनी दार उघडून आत हाक मारली, "अहो, आले बघा रुसलेले भावजी!"