तळमजला युपला

मी, एवाल्ड लिंटके, निवृत्त फुटबॉलपटू, राहणार हेर्ने, जर्मनी, पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले, डोके शाबूत आहे. मित्रांना हे पटत नाही, म्हणून डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. राहते घर माझी मुलगी आन्के हिला. तळमजल्यापुरते कलम ४ पाहावे.

२. गोलरक्षकाचे हातमोजे आमच्या संघाचा गोलरक्षक मानफ्रेड याला. त्याचे बोट मोडले, तेव्हा उरलेला सामना मी गोलात उभा होतो आणि हा बाहेरून ओरडत होता, "एवाल्ड, बॉल पकड रे, मिठी काय मारतोस!" तेव्हापासून हातमोजे मागतो आहे. आता घे बाबा.

३. क्लबाने निरोपाला दिलेले चांदीचे तबक क्लबाला परत करावे. कारण कलम ४ मध्ये येईल.

४. तळमजल्यावर संघातला माझा जुना सहकारी युप सोबोटका याला हयातभर, विनाभाडे राहण्याचा हक्क देतो. तो चौथ्या मजल्यावर एकटा राहतो आणि त्या इमारतीला लिफ्ट नाही.

मला स्वतःची अशी जागा कधीच मिळाली नाही. ज्याचा पाय मुरगळे, त्याच्या जागी मी: बचावात, मधल्या फळीत, आघाडीला. तरी कोणी राग धरला नाही. ज्याच्या जागी खेळलो, तोच संध्याकाळी माझ्यापुढे बिअर ठेवी. अपवाद युप. चषकाच्या अंतिम सामन्याआधी तो दुखापतीतून बरा झाला होता, तरी प्रशिक्षकांनी डाव्या बचावात मलाच ठेवले. आम्ही जिंकलो. युपने माझ्याशी बोलणे टाकले.

पुढच्या हंगामात ऐन सामन्याच्या दिवशी क्लबाचे अध्यक्ष आमच्या कपडे बदलायच्या खोलीत आले. "लिंटकेला सोडतोय. ज्याला नक्की जागा नाही, त्याला पगार कशाचा?" युपने बुटांच्या नाड्या सोडल्या.

"हे काय, सोबोटका?"

"मी याच्याशी बोलत नाही," युप म्हणाला. "पण हा नसेल तर मी उतरत नाही."

मग एकेकाने बूट काढले. बाहेर प्रेक्षक शिट्ट्या मारत होते. अध्यक्षांनी शब्द मागे घेतला आणि मी तिथे आणखी सात वर्षे खेळलो. आभार मानायला गेलो, तर युपने दार उघडले नाही. आजतागायत नाही.

तो हा हक्क नाकारील. आन्के, त्याला समजावत बसू नकोस. किल्ली त्याच्या पत्रपेटीत टाक. तो आला नाही, तरी तो आहे तोवर तळमजला दुसऱ्या कोणालाही द्यायचा नाही.

स्वहस्ते लिहिलेल्या मृत्युपत्राला इथे साक्षीदार लागत नाहीत. तरी युप सोडून सगळा संघ सही करायला आला. खुर्च्या दोनच होत्या.

(सही) एवाल्ड लिंटके
साक्षीदार: डीटमार होल्टकाम्प, उडो रेशके
हेर्ने, ४ नोव्हेंबर २०२४